डोकेदुखीची गोळी व कर्करोग

आमच्या वहिनींच्या मोठ्या आंतड्यांतील गांठ शस्त्रक्रियेनें काढली त्यास आतां बराच काळ लोटला. शस्त्रवैद्यांनीं आपलें काम चोख केलें. पुढचे औषधोपचारही यथासांग पार पडले. परंतु ह्या रोगाचा स्वभाव असा कीं, तो गेला असें डॉक्टर सांगत असतांही घरच्या माणसांस तो दाराबाहेर उभा आहे असें वाटत राहतें. दर तीन महिन्यांनीं रक्त तपासावयास देतात, आणि निकाल हातीं येईपर्यंतचे दोन दिवस आमच्या बंधूंच्या घरीं कोणी मोठ्यानें बोलत नाहीं. अशाच एका संध्याकाळीं आमचा पुतण्या आमच्याकडे आला व त्यानें दोन वस्तु टेबलावर ठेविल्या. एक वर्तमानपत्राचें कात्रण. दुसरी, घरच्या औषधांच्या डब्यांतील अर्धी संपलेली अॅस्पिरिनच्या गोळ्यांची पट्टी.

"काका," तो म्हणाला, "ही गोळी रोज घेतली तर आंतड्याचा कर्करोग परत येण्याचें प्रमाण निम्म्यावर येतें असें स्वीडनमध्यें ठरलें आहे. आईला आजपासून सुरू करूं का?"

आम्ही वैद्य नव्हे. इतिहासाचे अध्यापक आहों. डॉक्टरांस विचारल्यावांचून एकही गोळी देऊं नकोस, एवढेंच उत्तर आम्हांस त्या वेळीं देतां आलें. परंतु कात्रण आमच्याजवळ राहिलें, आणि त्याच्या निमित्तानें आम्ही जें वाचीत गेलों त्यांत आमच्याच विषयाचा एक जुना प्रश्न नव्या वेषांत आमच्यापुढें येऊन उभा राहिला. तो म्हणजे साक्षीचा. ह्या गोळीनें कर्करोगाविषयीं आशा उत्पन्न केली ती ही पहिलीच वेळ नव्हे. पूर्वींही तसें घडलें होतें, आणि त्यांतील कांहीं आशा खऱ्या ठरल्या तर कांहीं माणसांच्या जिवावर बेतल्या. त्यांतील खरी कोणती व खोटी कोणती हें ओळखण्याची कला वैद्यांनीं कसकशी शिकून घेतली, हा इतिहास आमच्या मतें सामान्य कुटुंबांतील माणसांनींही समजून घेण्यासारखा आहे.

गोळीचें मूळ एका झाडांत आहे. आपल्याकडे ओढ्यानदीच्या कांठीं वाळुंज नांवाचें जें झाड वाढतें, त्याच्या कुळांतील झाडें युरोपांत पाणथळ जागीं विपुल आहेत. इंग्रज त्यांस विलो म्हणतात. ऑक्सफर्डशायर परगण्यांत चिपिंग नॉर्टन नांवाचें गांव आहे. तेथील एडवर्ड स्टोन नामक धर्मोपदेशकानें एकदां सहज ह्या झाडाची साल चाखून पाहिली. ती विलक्षण कडू लागली व त्यास सिंकोनाच्या सालीची आठवण झाली. हिंवतापावर सिंकोनाची साल हें त्या काळचें खात्रीचें औषध. पण तें दक्षिण अमेरिकेंतून येणारें, म्हणून महाग. स्टोनसाहेबांनीं सुमारें रत्तलभर साल जमविली, पिशवींत भरून एका भटारखान्याच्या भट्टीबाहेर तीन महिन्यांवर वाळत ठेविली, तिचें चूर्ण केलें आणि पांच वर्षांत सुमारें पन्नास तापकऱ्यांस तें दिलें. इ. स. १७६३ च्या एप्रिल महिन्यांत त्यांनीं हा सर्व वृत्तांत लंडनच्या रॉयल सोसायटीच्या अध्यक्षांस पत्रानें कळविला. सोसायटीनें तें पत्र छापलें. मात्र छापतांना बिचाऱ्या लेखकाचें नांव 'एडमंड' असें करून टाकलें!

पत्रांतील अनुमान मोठें मौजेचें आहे. रोग जेथें उद्भवतो तेथेंच त्याचें औषधही परमेश्वर ठेवितो. हिंवताप ओलसर जागीं होतो, विलोही ओलसर जागीं वाढतो. तेव्हां विलोची साल हिंवतापावर चालावी. तर्क अगदींच पोकळ. शिवाय सिंकोना हिंवतापाच्या जंतूंस मारतो, आणि विलोची साल नुसता ताप उतरविते. ह्या दोन गोष्टी एक नव्हेत. असें असूनही ह्या गृहस्थांविषयीं आमच्या मनांत आदर आहे, कारण ज्या थोड्या रोग्यांस नुसत्या सालीनें गुण आला नाहीं व त्यांत सिंकोना मिसळावा लागला, त्यांचीही नोंद त्यांनीं प्रामाणिकपणें करून ठेविली. आपल्या औषधाचा अपयशाचा हिशेब स्वतःच लिहून ठेवणारा मनुष्य विरळा.

पुढचा रसायनशास्त्राचा भाग थोडक्यांत सांगतां येईल. १८२८ मध्यें म्यूनिकच्या बुखनरनें सालींतील कडू सत्त्व वेगळें काढलें. दहा वर्षांनीं इटालियन रसायनज्ञ पिरिया ह्यानें त्यापासून सॅलिसिलिक आम्ल तयार केलें. १८७६ त डंडी येथील डॉक्टर मॅक्लॅगन ह्यांनीं सांधे सुजविणाऱ्या तापावर त्या कडू सत्त्वाचा गुण दाखविला. आम्ल पोटास सोसत नसे. तें सौम्य करण्याची युक्ति १८९७ च्या ऑगस्टमध्यें जर्मनींतील बायर कारखान्यांत फेलिक्स हॉफमन ह्यास साधली (श्रेय आपलें आहे असें त्याच कारखान्यांतील आयखेनग्र्यून ह्यानें पुढें १९४९ त लिहिलें, तो वाद अद्याप पुरता मिटलेला नाहीं), आणि १८९९ पासून अॅस्पिरिन हें नांव जगभर झालें.

आतां कर्करोगाकडे वळूं. स्टोनच्या पत्रास बरोबर शंभर वर्षें होत होतीं तेव्हां, म्हणजे १८६३ त, बर्लिनचे विख्यात विकृतिशास्त्रज्ञ रुडॉल्फ विर्खो ह्यांच्या ध्यानांत एक गोष्ट आली. कर्करोगाच्या गांठींत रक्तांतील पांढऱ्या पेशी घुसलेल्या दिसतात. ह्या पेशी तर दाह जेथें चालू असतो तेथें जमणाऱ्या. त्यावरून, जेथें दाह दीर्घकाळ धुमसत राहतो तेथें कर्करोग उद्भवत असावा असें अनुमान त्यांनीं काढलें. हें अनुमान पुष्कळ वर्षें अडगळींत पडून होतें. १९८६ त अमेरिकेंतील हॅरल्ड ड्व्होरॅक ह्यांनीं तें वेगळ्या रीतीनें पुढें मांडलें. जखम झाली म्हणजे ती भरून काढण्यासाठीं शरीर जी धांवपळ करतें, तीच धांवपळ गांठीच्या भोंवतीं चालू असते, फरक इतकाच कीं गांठ ही कधींही न भरणारी जखम आहे, असें त्यांचें म्हणणें. दाह हा जर ह्या रोगाचा सोबती असेल, तर दाह शमविणारें औषध रोगासही आळा घालील कीं काय, हा प्रश्न ओघानेंच येतो.

पण अॅस्पिरिन दाह शमवितें तें कसें, हेंच मुळीं १९७१ पर्यंत कोणास ठाऊक नव्हतें. सत्तर वर्षें लोक गोळ्या घेत होते, डोकीं राहत होतीं, आणि कारण अज्ञात! त्या वर्षीं लंडनमध्यें जॉन व्हेन ह्यांनीं दाखविलें कीं, शरीरांत प्रोस्टाग्लँडिन नांवाचीं द्रव्यें निर्माण होतात, तीं वेदना, ताप व सूज वाढवितात, आणि अॅस्पिरिन त्यांच्या निर्मितीसच खीळ घालतें. १९८२ चें नोबेल पारितोषिक त्यांस दोन स्वीडिश शास्त्रज्ञांसह मिळालें. वाचकांनीं येथें एक गोष्ट ध्यानांत ठेवावी, कारण पुढील सर्व कथेची नाडी तींत आहे. ह्याच कुळांतील द्रव्यें जठराच्या अस्तराचें रक्षण करतात, आणि दुसरें एक द्रव्य रक्तांतील बारीक चकत्यांस, म्हणजे दवाखान्यांत ज्यांना प्लेटलेट म्हणतात त्यांस, एकमेकींस चिकटावयास लावून रक्त थांबवितें. गोळीस ह्यांतील निवड करतां येत नाहीं. ती दाह कमी करते त्याच हातानें जठराचें कवच पातळ करते व वाहतें रक्त थांबूं देत नाहीं.

प्लेटलेटचा कर्करोगाशीं संबंध मात्र ह्याच्याही आधीं एकाच्या नजरेस आला होता. फिलाडेल्फियाच्या गॅब्रिएल गासिक ह्यांनीं १९६८ त लिहिलें कीं, ज्या उंदरांच्या रक्तांतील प्लेटलेट कमी केल्या त्यांच्या फुप्फुसांत रोग कमी पसरतो. पुढें त्यांनीं अॅस्पिरिन देऊनही तसाच अनुभव घेतला. परंतु उंदीर तो उंदीर. वैद्यकांत उंदरांचे जितके कर्करोग बरे झाले आहेत तितके माणसांचे झाले असते तर आम्हांस हा लेख लिहिण्याचें कारण उरलें नसतें.

माणसांविषयींचा पहिला मोठा पुरावा अनपेक्षितपणें ऑस्ट्रेलियांतून आला. मेलबर्नचे शस्त्रवैद्य गॅब्रिएल क्यून ह्यांनीं मोठ्या आंतड्याचा कर्करोग झालेले ७१५ रोगी व तो न झालेले ७२७ लोक ह्यांच्या आहारविहाराची, आजारांची व औषधांची बारकाईनें विचारपूस केली. १९८८ त निष्कर्ष प्रसिद्ध झाले. अॅस्पिरिन घेणाऱ्यांत हा रोग सुमारें शेंकडा ४० नीं कमी आढळला. तीन वर्षांनीं अमेरिकन कॅन्सर सोसायटीनें सहा लाख बासष्ट हजारांवर माणसांची पाहणी छापली. महिन्यांतून सोळा वेळां वा अधिक अॅस्पिरिन घेणाऱ्यांत आंतड्याच्या कर्करोगाचे मृत्यु पुन्हां सुमारें तितक्याच प्रमाणांत कमी.

दोन खंडांत दोन स्वतंत्र साक्षीदार एकच गोष्ट सांगतात, मग संशय कशाला, असें कोणी म्हणेल. इतिहासाच्या अभ्यासकास संशय घेण्याची खोड असते खरी, आणि ती आम्हांस राजवाड्यांच्या लेखनापासून लागली. बखर लिहिणारा खोटें बोलतो असें नव्हे. परंतु घडून गेल्यावर, शेवट ठाऊक असतां तो लिहितो, आणि काय निवडावें हें त्या शेवटावरून ठरतें. अस्सल पत्र घडत असतांना लिहिलेलें असतें. लढाई कोण जिंकणार हें तें लिहिणारास माहीत नसतें. वरील पाहण्या कितीही मोठ्या असल्या तरी त्या बखरी होत. जो मनुष्य नेमानें रोज गोळी घेतो तो बहुधा नेमानें फिरावयास जातो, डॉक्टरांकडे वेळेवर जातो, जेवणांत पथ्य पाळतो. त्याची प्रकृति सुधारली तर श्रेय गोळीचें कीं नेमाचें? उलट ज्याचा रोग बळावला आहे त्यास गोळी गिळवतही नाहीं. तो आपोआप 'न घेणाऱ्यां'च्या यादींत जाऊन बसतो. ह्यावर वैद्यांनीं काढलेला तोडगा असा: माणसें जमवावयाचीं, चिठ्ठ्या टाकून त्यांचे दोन भाग करावयाचे, एकास खरी गोळी व दुसऱ्यास हुबेहूब तशीच औषधरहित गोळी द्यावयाची, आणि कोणास काय मिळालें हें शेवटपर्यंत रोग्यासही कळूं द्यावयाचें नाहीं व वैद्यासही नाहीं. हें त्यांचें अस्सल पत्र.

अशा चांचण्या झाल्या व पहिल्या पहिल्या उत्साहवर्धक निघाल्या. आंतड्याच्या अस्तरावर बारीक मांसल कोंब उगवतात व त्यांतील कांहींचा पुढें कर्करोग होतो. २००३ मध्यें प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन चांचणींत, एकदां आंतड्याचा कर्करोग होऊन गेलेल्या ६३५ जणांस अॅस्पिरिन अथवा औषधरहित गोळी देण्यांत आली. औषधरहित गोळी घेणाऱ्यांत शेंकडा २७ जणांस नवे कोंब आले. अॅस्पिरिन घेणाऱ्यांत १७ जणांस. आशा वाढली. त्याच सुमारास औषधी कंपन्यांनीं दाह शमविणारीं पण जठरास न दुखविणारीं नवीं औषधें बाजारांत आणलीं होतीं. युक्ति नामी होती: दाह उत्पन्न करणारें एक प्रेरक द्रव्य व जठर सांभाळणारें दुसरें, अशीं दोन निराळीं आहेत असें १९९१ च्या सुमारास कळलें होतें, त्यांपैकीं पहिल्याचेंच दार बंद करावयाचें.

त्यांतील रोफेकॉक्सिब, बाजारी नांव व्हायॉक्स, हें मर्क कंपनीचें औषध १९९९ पासून संधिवातावर लक्षावधि लोक घेत होते. आंतड्यांतील कोंब परत येऊं नयेत म्हणून तें उपयोगी पडेल काय हें पाहण्यासाठीं २,५८६ माणसांवर तीन वर्षांची चांचणी योजिली. कोंब खरोखर कमी झाले. पण सुमारें दीड वर्षानंतर दुसरेंच आंकडे वर येऊं लागले. औषध घेणाऱ्यांत हृदयविकाराचे झटके व पक्षाघात ह्यांचें प्रमाण न घेणाऱ्यांच्या जवळजवळ दुप्पट! ३० सप्टेंबर २००४ रोजीं कंपनीनें औषध जगभरच्या बाजारांतून मागें घेतलें. पुढें २००७ त खटल्यांच्या तडजोडीसाठीं ४८५ कोटि डॉलर देऊं केले. ह्या हकीकतीवर वर्तमानपत्रांनीं पुष्कळ लिहिलें, तें बहुतेक कंपनीच्या लोभाविषयीं. आमच्या मनास टोंचते ती निराळी गोष्ट. त्या चांचणींतील माणसें सांधे दुखतात म्हणून आलेलीं नव्हतीं. त्यांचे कोंब काढून टाकलेले होते. एरवीं तीं धडधाकट होतीं. न झालेला रोग टाळावा म्हणून त्यांनीं गोळी घेतली, आणि त्यांतील कांहींस त्या गोळीनेंच झटका आला. आजारी माणसास औषध देतांना जी जोखीम क्षम्य असते ती धडधाकट माणसास देतांना नसते. आपल्या घरांत सल्ला देणाऱ्यांच्या ध्यानांत ही गोष्ट क्वचितच येते.

अॅस्पिरिनची मात्र ह्यानंतरही उपेक्षा झाली नाहीं, आणि त्याचें कारण हृदयच होतें. प्लेटलेटची चिकटण्याची शक्ति मोडल्यामुळें ती हृदयविकारावर गुणकारी ठरली होती. १९८८ ची १७,१८७ रोग्यांवरील ब्रिटिश शास्त्रज्ञांनीं चालविलेली चांचणी ह्या विषयांत प्रमाण मानतात. तिची एक गोष्ट सांगितल्यावांचून आम्हांस पुढें जाववत नाहीं. निबंध छापतेवेळीं संपादकांनीं आग्रह धरिला कीं, वय, लिंग वगैरेंप्रमाणें रोग्यांचे निरनिराळे गट पाडून कोणास गुण आला व कोणास नाहीं हें दाखवा. शास्त्रज्ञांस असे गट पाडण्यांतील धोका ठाऊक होता. त्यांनीं गट पाडून दिले, पण त्यांत जन्मराशींचाही एक समाविष्ट केला. आणि मिथुन व तूळ ह्या राशींच्या रोग्यांस अॅस्पिरिननें गुण न येतां किंचित् अपायच होतो असें गणितानें निघालें! (त्यांच्या राशी जन्मतारखेवरून, आपल्यासारख्या चंद्रावरून नव्हेत, तेव्हां आमच्या वाचकांनीं पत्रिका काढूं नयेत.) थट्टेचा अर्थ गंभीर होता. मोठ्या राशींतून मागाहून हवे तसे ढीग पाडीत गेलें म्हणजे कोठें ना कोठें चमत्कार सांपडतोच.

ऑक्सफर्डच्या पीटर रॉथवेल ह्यांनीं ह्या जुन्या चांचण्यांचें दप्तर पुन्हां उघडलें. हृदयासाठीं ज्यांस पूर्वीं चिठ्ठ्या टाकून अॅस्पिरिन दिली होती त्यांचें वीस वर्षांत काय झालें हें त्यांनीं मृत्यूच्या व कर्करोगाच्या नोंदींवरून शोधिलें. १४,०३३ जणांच्या हिशेबांत, गोळी घेणाऱ्यांस आंतड्याचा कर्करोग शेंकडा २४ नीं व त्यानें येणारा मृत्यु शेंकडा ३५ नीं कमी असें २०१० मध्यें त्यांनीं दाखविलें. दुसऱ्या वर्षीं न्यूकॅसलच्या जॉन बर्न ह्यांनीं लिंच विकार नांवाचा आनुवंशिक दोष असलेल्या ८६१ जणांवरील चांचणींत तसाच गुण दाखविला. विशेष हें कीं, तीच चांचणी २००८ त पाहिली तेव्हां कांहींच फरक दिसला नव्हता. फळ पिकावयास वर्षें लागलीं.

येथवर वाचून कोणासही वाटेल कीं आतां शंकेस जागा नाहीं. त्याच वेळीं स्तनांच्या कर्करोगाविषयीं जें घडलें तें पाहावें. अमेरिकेंतील परिचारिकांच्या एका प्रसिद्ध पाहणींत, स्तनांचा कर्करोग झालेल्या ४,१६४ परिचारिकांपैकीं ज्या आठवड्यांतून बरेच दिवस अॅस्पिरिन घेत त्यांच्यांत रोग दूर पसरण्याचें प्रमाण बरेंच कमी आढळलें. हें २०१० सालचें. त्याच वर्षीं बेल्जियममधून बातमी आली कीं, स्तनाच्या शस्त्रक्रियेच्या वेळीं केटोरोलॅक हें दाहशामक वेदनाहारक टोंचलें असतां रोग कमी वेळां उलटतो. ही कल्पना मोठी आकर्षक होती. शस्त्रानें जखम होते, जखमेनें दाह उसळतो, आणि त्या दाहानें मागें राहिलेल्या चुकार पेशी जाग्या होतात. दोन्ही गोष्टी पुढें चिठ्ठ्या टाकून पाहिल्या. केटोरोलॅकचा निकाल २०१९ त लागला: उपयोग नाहीं. चांचणी लहान होती, २०३ बायकांचीच, म्हणून शेवटचा शब्द तो नव्हे असें म्हणतां येईल. अॅस्पिरिनची चांचणी ३,०२० जणांची, रोज ३०० मिलिग्रॅमची. ती वेळेआधींच थांबवावी लागली व २०२४ त निकाल छापला: रोग उलटणें इत्यादि दुर्घटना औषधरहित गोळी घेणाऱ्यांत ११२, अॅस्पिरिन घेणाऱ्यांत १४१. बखरींत जय लिहिला होता. अस्सल पत्रांत जयाचा मागमूस नाहीं.

२०१८ त ऑस्ट्रेलिया व अमेरिका येथील १९,११४ वृद्धांवरील चांचणीनें तर अधिकच धक्का दिला. रोज १०० मिलिग्रॅम अॅस्पिरिन घेणाऱ्या निरोगी वृद्धांत कर्करोगानें मेलेले शेंकडा ३.१ निघाले, न घेणाऱ्यांत २.३. म्हणजे ज्या आंकड्यानें खालीं जावयाचें तो वर गेला. ह्याचा उलगडा अजून नीट झालेला नाहीं.

आतां स्वीडनकडे येऊं. त्याचा आरंभ बोस्टनमध्यें आहे. २०१२ त तेथील संशोधकांनीं आंतड्याच्या कर्करोगाच्या जपून ठेवलेल्या गांठी तपासल्या. कांहीं गांठींत एका विशिष्ट जनुकांत बिघाड होता. तो बिघाड असलेले जे रोगी निदानानंतर अॅस्पिरिन नेमानें घेत होते, त्यांच्यांतील ६२ पैकीं २ पांच वर्षांत वारले. न घेणाऱ्या ९० पैकीं २३. बिघाड नसलेल्यांत गोळीनें कांहींच फरक पडला नव्हता. आंकडे चकित करणारे. पण मिथुन व तूळ राशी आठवून पाहा! मागाहून पाडलेला हा ढीग, त्यांतही माणसें मूठभर. स्टॉकहोमच्या कॅरोलिन्स्का संस्थेंतील आना मार्टलिंग व त्यांच्या सहकाऱ्यांनीं तेव्हां योग्य तेंच केलें. त्यांनीं ढीग आधीं पाडला, चिठ्ठ्या मागाहून टाकल्या. स्वीडन, नॉर्वे, डेन्मार्क व फिनलंड ह्या चार देशांतील साडेतीन हजार रोग्यांच्या गांठी तपासल्या. पूर्ण तपासणी झालेल्यांपैकीं शेंकडा ३७ जणांत त्या जनुकाचा अथवा त्याच्या मार्गांतील सोबत्यांचा बिघाड सांपडला. त्यांतील ६२६ जणांस शस्त्रक्रियेनंतर तीन वर्षें रोज १६० मिलिग्रॅम अॅस्पिरिन अथवा औषधरहित गोळी दिली. सप्टेंबर २०२५ मध्यें निकाल प्रसिद्ध झाला. मूळ जनुकांत बिघाड असणाऱ्यांत तीन वर्षांत रोग उलटला तो अॅस्पिरिन घेणाऱ्यांपैकीं शेंकडा ७.७ जणांस, न घेणाऱ्यांपैकीं १४.१ जणांस, सोबत्यांचा बिघाड असणाऱ्यांत हेच आंकडे ७.७ व १६.८. तीव्र स्वरूपाच्या इतर व्याधि मात्र गोळी घेणाऱ्यांत अधिक, शेंकडा १६.८; दुसऱ्यांत ११.६.

पुतण्याचें कात्रण खोटें नव्हतें. त्यांत 'कोणास' हा शब्द तेवढा गळला होता. आणि हा शब्द गळल्यास काय होतें त्याचाही पुरावा आहे. सिंगापुराहून चालविलेल्या एका चांचणींत असा कोणताही निवाडा न करतां आंतड्याच्या कर्करोगाच्या १,५८७ रोग्यांस घेतलें, रोज २०० मिलिग्रॅम अॅस्पिरिन तीन वर्षें दिली. २०२५ त छापलेल्या निकालांत पांच वर्षें रोगमुक्त राहिलेले ७७ विरुद्ध ७४.८. योगायोगानेंही पडेल इतकाच फरक.

त्याच वर्षाच्या मार्च महिन्यांत केंब्रिजच्या राहुल रॉयचौधरी ह्यांच्या मंडळीनें ह्यामागील एक कारण उंदरांत उलगडून दाखविलें. प्लेटलेटमधून सुटणारें एक द्रव्य शरीराच्या रक्षक पेशींस गुंगी आणतें. अॅस्पिरिन तें द्रव्य थांबवितें, रक्षक जागे होतात व दूर पळणाऱ्या कर्कपेशींस गांठतात. गंमत अशी कीं, ते अॅस्पिरिनचा शोध करावयास निघालेच नव्हते. दुसऱ्याच वाटेनें ते तेथें पोंचले. गासिक ह्यांच्या उंदरांची साक्ष अशी साठ वर्षें होतां होतां पुन्हां कामास आली, आणि आम्ही वर उंदरांविषयीं काढलेला उद्गार थोडासा मागें घेणें प्राप्त आहे.

आपल्या मुंबईचाही ह्या शोधांत हात आहे. परळ येथें १९४१ त उघडलेलें टाटा स्मारक रुग्णालय, २०१५ त ब्रिटनमध्यें सुरू झालेल्या व चार ठिकाणच्या कर्करोगांसाठीं अॅस्पिरिन तपासणाऱ्या मोठ्या चांचणींत सामील झालें. त्याच रुग्णालयाच्या राजेंद्र बडवे ह्यांनीं शस्त्रक्रियेच्या त्या नाजुक घटकेचा प्रश्न निराळ्या बाजूनें हातीं घेतला. शस्त्र लावण्यापूर्वीं स्तनांतील गांठीभोंवतीं साधें बधिर करणारें औषध टोंचून १,५८३ स्त्रियांचा अनुभव त्यांनीं २०२३ त प्रसिद्ध केला. पांच वर्षें रोगमुक्त राहणाऱ्या शेंकडा ८६.६, न टोंचलेल्यांत ८२.६. औषधाची किंमत नगण्य. स्वस्त औषधांच्या मोठ्या चांचण्यांस पैसा घालावयास कारखानदार उत्सुक नसतात. तो भार सरकारांनीं व अशा संस्थांनींच उचलावा लागतो, हें येथें नमूद केलेलें बरें.

हें सर्व पुतण्यास सांगितल्यावर त्यानें जो प्रश्न विचारला तो शहाणपणाचा होता: "मग आईची गांठ कोठें आहे?" शस्त्रक्रियेंत काढलेली गांठ फेंकून देत नाहींत, तिचा तुकडा मेणांत बसवून प्रयोगशाळेंत वर्षानुवर्षें ठेवितात, हें त्यास चौकशींत कळलें. डॉक्टरांनीं तो तुकडा जनुकतपासणीस पाठविण्यास संमति दिली. परंतु त्याआधीं वहिनींस एक प्रश्न विचारला, जो आमच्यापैकीं कोणालाच सुचला नव्हता: पूर्वीं कधीं पोटांतून रक्त गेलें होतें का? गेलें होतें. गुडघे दुखत म्हणून बारा वर्षांपूर्वीं त्या वेदनाशामक गोळ्या घेत असत, आणि एके दिवशीं काळी शौचास होऊन त्यांना चार दिवस रुग्णालयांत राहावें लागलें होतें. घरांत ती गोष्ट सगळे विसरून गेले होते. जनुक बिघडलेलें निघालें तर एका बाजूस रोग व दुसऱ्या बाजूस जठर अशा पारड्यांत हें सगळें घालावें लागेल, असें डॉक्टर म्हणाले.

निकाल यावयास तीन आठवडे लागले. त्या दिवशीं आम्हीही बंधूंच्या घरीं गेलों होतों. जनुकांत बिघाड नव्हता. स्वीडनच्या हिशेबानें वहिनी त्या उरलेल्या शेंकडा ६३ मध्यें मोडत होत्या, ज्यांच्यासाठीं ह्या गोळीचा गुण अजून कोणी दाखविलेला नाहीं. पुतण्याचा चेहरा पडला. वहिनींनीं मात्र टेबलावरची पट्टी उचलून डब्यांत परत टाकली, झांकण लावलें, आणि आम्हांस म्हणाल्या, "भाऊजी, तें झाड म्हणजे आमच्या माहेरच्या ओढ्यावरचा वाळुंज ना? लहानपणीं त्याच्या फांद्यांचे आम्ही झोके करीत असूं. साल कडू आहे हें मात्र तुमच्याकडूनच कळलें."